थोड्या पैशात कारखान्याच्या पाण्याचे सर्वेक्षण: मुंबई परिसरात नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

लहान कारखान्यात पर्यावरणाचे काम बहुतेक वेळा देखभाल, सुरक्षा किंवा क्वालिटी सांभाळणाऱ्या माणसाच्याच गळ्यात पडते. एक दिवस निरोप येतो, "पाण्याचा सर्व्हे करून घ्या." मग लॅबला फोन जातो आणि 'सगळ्या पॅरामीटर'चे कोटेशन मागवले जाते. लॅबचा माणूस दुपारी येतो, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राच्या) आउटलेटवर एक कॅन भरतो आणि जातो. आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट हातात पडतो, पण ते पाणी कोणत्या बॅचचे होते, त्या घटकेला प्रवाह किती होता, बाहेर ओहोटी होती की भरती, यातले काहीच त्यात नसते. पैसे जातात आणि प्रश्न जागच्या जागी राहतो.

तुमच्याकडे पंधरा-वीस नमुन्यांपुरतेच पैसे असतील तर त्यातला प्रत्येक नमुना कुठून, कधी आणि कशासाठी घ्यायचा हे आधी ठरले पाहिजे. पुढचा क्रम तळोजा, ठाणे-बेलापूर पट्टा, अंबरनाथ, डोंबिवली, मरोळ, साकीनाका, कुर्ला इथल्या लहान-मध्यम युनिटांना नजरेसमोर ठेवून लिहिला आहे.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

"पाण्याची गुणवत्ता तपासणे" हा प्रश्न झाला नाही. "ईटीपीचा सीओडी आठवड्यातून दोनदा का वाढतो?", "पावसाळी गटारात प्रक्रियेचे पाणी जाते का?", "बोअरवेल बिघडली ती आवारातल्या गळतीमुळे का?" हे प्रश्न झाले. (सीओडी म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू.) तिन्हींची ठिकाणे वेगळी, वेळा वेगळ्या, बाटल्याही वेगळ्या. पैसे थोडे असताना एका फेरीत एकच मुख्य प्रश्न घ्या, फार तर एक दुय्यम.

इथेच एक गोष्ट स्पष्ट असू द्या. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २१ मध्ये कायदेशीर नमुन्याची स्वतंत्र पद्धत दिली आहे: प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी नमुना घेतो, जागेच्या ताबेदाराला नोटीस देतो, नमुन्याचे भाग करून ते सीलबंद करतो. तुम्ही स्वतः घेतलेला नमुना या कलमाखालचा पुरावा ठरत नाही. तो तुमच्या स्वतःच्या दुरुस्तीसाठी असतो. म्हणून 'चांगला' रिपोर्ट यावा म्हणून सोयीची वेळ निवडण्यात तुमचेच नुकसान आहे.

२. कागद गोळा करा

याला खर्च नाही, फक्त दोन दिवस लागतात. हे कागद समोर ठेवा:

- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे चालू संमतीपत्र, सर्व जोडपत्रांसह
- आवाराचा ड्रेनेज नकाशा, जुना असला तरी
- एमआयडीसी किंवा पालिकेची १२ महिन्यांची पाणीबिले आणि टँकरच्या पावत्या
- ईटीपीचे लॉगबुक, शिफ्टचे वेळापत्रक, बॅच रजिस्टर
- रसायनांच्या खरेदीची यादी आणि त्यांची सुरक्षापत्रके
- मागच्या तीन वर्षांचे लॅब रिपोर्ट
- दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत भरायच्या फॉर्म ५ च्या (पर्यावरण विवरणपत्राच्या) प्रती

संमतीपत्रातल्या मर्यादा हा तुमचा मापदंड आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीतल्या सर्वसाधारण मर्यादा पाणी कुठे सोडता यावर बदलतात. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, पाहा: नदी-नाल्यात सोडताना ३० मिलीग्रॅम प्रति लिटर (पुढे मिग्रॅ/लि), समुद्रकिनारी १००, सार्वजनिक मलवाहिनीत ३५०. तेल व ग्रीसची मर्यादा नदी-नाल्यात १०, उरलेल्या दोन्हींकडे २०. कुर्ल्याच्या युनिटचे पाणी मलवाहिनीत जाते की थेट मिठीला मिळणाऱ्या नाल्यात, यावर अख्खा निष्कर्ष उलटू शकतो. संमतीपत्रात याहून कडक आकडे असतील तर तेच धरायचे. पाणी सामायिक प्रक्रिया केंद्राकडे जात असेल तर त्या केंद्राची इनलेटची अट वेगळी मागून घ्या.

३. पाण्याचा जमाखर्च मांडा आणि गटारे चालून पाहा

आत किती पाणी आले आणि बाहेर किती गेले याचा ताळा घाला. समजा रोज १०० घनमीटर पाणी येते. कूलिंग टॉवरच्या वाफेत ३५, मालात ५, बागेत १० जाते. मग सांडपाणी साधारण ५० हवे. ईटीपीचा मीटर ३० दाखवत असेल तर २० घनमीटरचा हिशोब लागत नाही. कुठेतरी गळती आहे, मीटर चुकतो आहे किंवा नकाशात नसलेली एखादी लाइन आहे. लॅबमध्ये एक रुपयाही न घालता मिळणारी ही सर्वांत मोलाची माहिती, आणि बहुतेक लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

मग नकाशा हातात घेऊन प्रत्येक चेंबरपाशी जा. प्रत्येकाला क्रमांक द्या, फोटो काढा, बाणाने प्रवाहाची दिशा दाखवा. कोरड्या हवेत पावसाळी गटारात पाणी वाहत असेल तर ते कुणाचे हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. शोधण्याची स्वस्त युक्ती मिठाची. २ किलो मीठ २० लिटर पाण्यात विरघळवा, संशयित मोरीत ओता आणि खालच्या चेंबरमध्ये विद्युतवाहकता (ईसी) मोजणारा मीटर धरून बसा. आकडा उसळला की जोड पक्का. मुळातच खारट सांडपाण्यात ही युक्ती चालत नाही. तिथे लॅब किंवा रंगद्रव्य पुरवठादाराकडून मिळणारे फ्लुरेसिन वापरा, पण नाल्यात हिरवे पाणी दिसण्याआधी शेजाऱ्यांना आणि मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला कळवा.

४. प्रवाह मोजा

प्रवाहाशिवाय नुसत्या मिग्रॅ/लिचा फारसा उपयोग नाही. भार म्हणजे मिग्रॅ/लि गुणिले रोजचे घनमीटर भागिले १०००, उत्तर रोजच्या किलोत येते. ५००० मिग्रॅ/लि सीओडीचा २ घनमीटरचा ओघळ रोज १० किलो देतो, तर ८०० मिग्रॅ/लिचा ४० घनमीटरचा प्रवाह ३२ किलो. नुसता रिपोर्ट वाचणारा पहिल्याच्याच मागे लागेल.

बारीक पाइपसाठी बादली आणि स्टॉपवॉच पुरते. २० लिटरची बादली २५ सेकंदांत भरली तर सेकंदाला ०.८ लिटर, म्हणजे तासाला २.८८ घनमीटर. तीनदा मोजून सरासरी घ्या. उघड्या चॅनेलवर ९० अंशांची व्ही-नॉच (व्ही आकाराची खाच असलेली) पाटी बसवता येते: खाचेच्या तळटोकापासून पाण्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचा २.५ वा घात करा आणि १.३८ ने गुणा, उत्तर घनमीटर प्रति सेकंद. ५ सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे ०.८ लिटर, १० ला ४.४, १५ ला १२ लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाचपटीहून जास्त होतो, म्हणून अर्ध्या सेंटिमीटरची चूकही महागात पडते. उंची पाटीला चिकटून मोजू नका. तिथे पाणी खाली वाकलेले असते. उंचीच्या चौपट अंतरावर मागे मोजा.

नाल्यात लिंबू सोडून १० मीटरला लागणारा वेळ घ्या. पृष्ठभागावरचा वेग सरासरीहून जास्त असतो, म्हणून ०.८५ ने गुणा आणि मग रुंदी व खोलीने.

५. दोन दिवस फक्त मीटर चालवा

लॅबच्या बाटल्या भरण्याआधी पीएच, ईसी आणि तापमान दर तासाला प्रत्येक चेंबरवर नोंदवा. एक चांगला हातमीटर, पीएच ४, ७ आणि ९.२ ची बफर द्रावणे आणि १४१३ मायक्रोसीमेन्सचे ईसी प्रमाण द्रावण एवढेच लागते. मीटर रोज सकाळी बफरवर लावून घ्या. पीएचचा काचेचा इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवू नका. तो बिघडतो. त्याला पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण लागते.

या दोन दिवसांच्या आलेखात बॅच कधी सुटते, फरशी धुण्याचे पाणी कधी येते आणि रात्रपाळीत काय होते हे दिसते. लॅबचे नमुने कुठल्या तासाला घ्यायचे ते इथे ठरते.

६. पॅरामीटर धंद्यावरून निवडा

प्लेटिंगला षट्संयुजी (हेक्साव्हॅलंट, जास्त विषारी) क्रोमियम, एकूण क्रोमियम, निकेल, जस्त, तांबे, सायनाइड आणि पीएच. तिथे बीओडीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. रंग आणि मध्यवर्ती (इंटरमीडिएट) रसायनांना सीओडी, बीओडी, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), रंग, फिनॉल, अमोनिया. खाद्यपदार्थांना बीओडी, सीओडी, तेल-ग्रीस, तरंगते घन. गॅरेज आणि वर्कशॉपला तेल-ग्रीस व तरंगते घन पुरतात.

भारतीय पद्धतीत बीओडी २७ अंशांवर ३ दिवसांचा असतो. बाहेरच्या पुस्तकातल्या २० अंश, ५ दिवसांच्या आकड्यांशी तुलना करताना हे ध्यानात ठेवा. आणि एकदा तुमच्या पाण्यासाठी सीओडी व बीओडीचे गुणोत्तर पाच-सहा जोड्यांवरून बसले की रोजची देखरेख सीओडीवर ठेवता येते, बीओडी महिन्याकाठी पुरतो. प्रक्रिया किंवा कच्चा माल बदलला की गुणोत्तर नव्याने काढा.

७. नमुन्यांची वाटणी

२० संचांपुरते पैसे असलेल्या मध्यम रासायनिक युनिटची एक वाटणी अशी: ईटीपीच्या इनलेट-आउटलेटच्या ३ जोड्या (६), विभागवार प्रक्रियेचे ओघळ (४), बाहेरच्या नाल्यात वरची व खालची बाजू दोन दिवस (४), पावसाळी गटार एकदा कोरड्यात आणि एकदा पहिल्या सरीत (२), बोअरवेल (१), दुहेरी नमुना, म्हणजे त्याच जागी लागोपाठ भरलेली दुसरी बाटली (१), फील्ड ब्लँक, म्हणजे जागेवर बाटलीत भरलेले शुद्ध पाणी (१), राखीव (१). हात आखडता घ्यावा लागला तर ओघळांचे कमी करा, ब्लँक आणि दुहेरी नमुना काढू नका. ते नसले तर बाकीच्या अठरांवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवणार?

इनलेट आणि आउटलेट एकाच क्षणी घेऊन कार्यक्षमता काढणे ही नेहमीची चूक. टाक्यांची एकूण क्षमता ६० घनमीटर आणि रोजचा प्रवाह ४० असेल तर पाणी आत दीड दिवस राहते. आज आउटलेटला आलेले पाणी परवा रात्रीच्या सुमाराला आत शिरलेले असते. तेवढे अंतर ठेवून जोडी लावा.

मुंबईतल्या नाल्यांत घरगुती मैला आधीच असतो. म्हणून नाल्याचा बीओडी जास्त आला यावरून तुमच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. वरच्या बाजूचा नमुना हवाच, शिवाय तुमच्याकडेच वापरला जाणारा एखादा खुणेचा घटक हवा: निकेल, विशिष्ट रंग, फिनॉल.

बोअरवेलचे पहिले पाणी पाइपात साचलेले असते. १५० मिलिमीटर व्यासाच्या आणि ३० मीटर पाण्याच्या स्तंभाच्या बोअरमध्ये सुमारे ५३० लिटर मावते. त्याच्या तिप्पट, म्हणजे १६०० लिटर उपसा आणि ईसीची सलग तीन वाचने स्थिर झाली की बाटली भरा.

८. वेळ: ओहोटी, पाऊस आणि लॅबचा रविवार

ठाणे खाडी, माहुल, माहीम किंवा तळोज्याच्या कासाडी नदीच्या खालच्या टोकाला नमुना घेणार असाल तर घड्याळ भरतीचे लागते. भरतीत खारे पाणी नाल्यात मागे शिरते आणि तुमचा खालच्या बाजूचा नमुना खाडीचाच निघतो. ओहोटीचा शेवटचा तास निवडा. कोळी बांधवांचा जुना हिशोब इथे कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणून ओहोटी नऊला, कामाच्या वेळेत बसणारी. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची ओहोटी खोल जाते, पण ती सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या आसपास. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला मिळते, मात्र भांगाचे दिवस असल्याने पाणी फारसे उतरत नाही. हा अंदाज झाला. नक्की वेळ भरतीच्या तक्त्यावरून घ्या, आणि खाडीच्या आतल्या भागात ती आणखी मागे पडते म्हणून आदल्या दिवशी जागेवर जाऊन बघा.

एक फेरी फेब्रुवारी ते मे मध्ये, जेव्हा नाल्यात पातळ करायला पाणी नसते. दुसरी जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत, आवारातले वाहून येऊ लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात. बाटल्या मेअखेरीसच तयार ठेवा. पाऊस सांगून येत नाही.

लॅबमध्ये गुरुवारी लावलेल्या बीओडीचे वाचन रविवारी येते. रविवारी कोण येणार हे लॅबला आधीच विचारा, नाहीतर सोमवारी, मंगळवारी किंवा शुक्रवारी नमुना लागेल असे आखा. तळोज्याहून दुपारी तीनला निघालात तर सायन-पनवेल महामार्गाची गर्दी धरून लॅब बंद व्हायच्या आत पोहोचाल का, हेही पाहा.

९. बाटल्या आणि जतन: इथेच सगळे बिघडते

पीएच, तापमान, विरघळलेला प्राणवायू आणि उरलेले क्लोरीन जागेवरच मोजा. बाकीच्यांसाठी:

बीओडी: प्लास्टिकची बाटली तोंडापर्यंत भरा, आम्ल घालू नका, बर्फात ठेवा, त्याच दिवशी लॅबला पोहोचवा.

सीओडी व अमोनिया: गंधकाम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा. एका लिटरला तीव्र आम्ल साधारण २ मिलीलिटर लागते. पीएच कागदाने खात्री करा.

धातू: नत्राम्ल घालून पीएच २ खाली, आम्लाने धुतलेली प्लास्टिकची बाटली.

षट्संयुजी क्रोमियम: आम्ल अजिबात नको. आम्लात, विशेषतः सेंद्रिय द्रव्य असताना, ते त्रिसंयुजी होते आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. वेगळी बाटली, बर्फ, २४ तासांत तपासणी.

तेल व ग्रीस: रुंद तोंडाची काचेची बाटली, थेट प्रवाहात धरून भरा. नमुन्याने विसळू नका, बादलीतून ओतू नका, काठोकाठ भरू नका. तेल भांड्याच्या भिंतीला चिकटते आणि तेवढे आकड्यातून गळते.

सायनाइड: कॉस्टिक घालून पीएच १२ च्या वर. सायनाइडच्या पाण्यात चुकून आम्ल पडले तर विषारी हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. म्हणून ही बाटली लाल टेपने ओळखू येईल अशी ठेवा आणि आम्लाच्या पेटीपासून दूर ठेवा.

कंपोझिट नमुना, म्हणजे दर तासाला प्रवाहाच्या प्रमाणात घेतलेले पाणी एकत्र करणे, सीओडी, धातू आणि टीडीएससाठी उत्तम. तेल, पीएच, सायनाइड, सल्फाइड आणि जिवाणूंसाठी मात्र सुटाच, म्हणजे एका वेळी एकदाच भरलेला, नमुना हवा.

मासळीची थर्मोकोल पेटी चालते, फक्त नवी कोरी घ्या. कुटलेला बर्फ बाजारात सहज मिळतो. बाटल्या पिशवीत बंद करा, वितळलेले पाणी आत जाऊ देऊ नका. लेबल पेन्सिलीने किंवा पक्क्या शाईच्या मार्करने लिहा, बॉलपेन ओलाव्यात पसरते. लेबलवर क्रमांक, तारीख, वेळ, घातलेले रसायन. सोबतच्या कागदावर बाटली कोणी दिली, कोणी घेतली, किती वाजता.

१०. लॅबशी आधी बोला

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका. मान्यतेच्या व्याप्तीत तुमचा पॅरामीटर आणि सांडपाणी हा प्रकार आहे का ते पाहा. प्रत्येक पॅरामीटरची शोधमर्यादा आकड्यात मागा. षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा नदी-नाल्यासाठी ०.१ मिग्रॅ/लि असताना लॅब ०.१ च्या खाली मोजूच शकत नसेल तर 'आढळले नाही' या शेऱ्याला किंमत नाही.

खाडीच्या नमुन्याचा ईसी आधीच कळवा. क्लोराइड सुमारे २००० मिग्रॅ/लिच्या वर गेले की नेहमीच्या पद्धतीत सीओडी खोटा वाढतो, आणि समुद्राच्या पाण्यात ते १९००० च्या घरात असते. ईटीपीत हायड्रोजन पेरॉक्साइड वापरत असाल तर तेही सांगा. उरलेले पेरॉक्साइड सीओडी वाढवते आणि बीओडीतले जिवाणू मारते.

११. चेंबरपाशी

कोणीही, कोणत्याही कारणाने, चेंबरमध्ये उतरायचे नाही. दोरीची बादली किंवा पीव्हीसी पाइपाला बांधलेली बाटली पुरते. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास जास्त प्रमाणात येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजणाऱ्यांचे जीव गेले आहेत. झाकण उघडून मागे सरा, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा, दोघे जण असा. हातमोजे, गॉगल आणि डोळे धुवायला स्वच्छ पाण्याची बाटली हवीच.

१२. रिपोर्ट आल्यावर

मर्यादेशी तुलना करण्याआधी आकडे आपसात जुळतात का ते पाहा. बीओडी सीओडीपेक्षा जास्त असूच शकत नाही. टीडीएस साधारण ईसीच्या ०.५५ ते ०.७ पट असतो. षट्संयुजी क्रोमियम एकूण क्रोमियमपेक्षा मोठे येऊ नये. दुहेरी नमुन्यांत २० टक्क्यांहून जास्त फरक असेल किंवा ब्लँकमध्ये जस्त सापडले तर आधी बाटल्या आणि पद्धत तपासा. बीओडी संशयास्पद कमी असेल तर लॅबकडून वेगवेगळ्या विरलनांची वाचने मागा. जास्त पातळ केल्यावर बीओडी वाढत असेल तर पाण्यात जिवाणूंना मारणारे काहीतरी आहे.

मग प्रत्येक ओघळाचा भार काढून उतरत्या क्रमाने मांडा. वरचे दोन ओघळ बहुधा एखाद्याच वॉशिंगच्या किंवा बॅचच्या पाण्याचे निघतात. पुढच्या फेरीचे पैसे तिथे घाला, त्याच चेंबर क्रमांकांवर, त्याच शिफ्टला आणि नाल्यात जायचे असेल तर ओहोटीच्या त्याच टप्प्यावर.